बैठक आधी, काच नंतर: स्पोर्ट-टूरिंग मोटरसायकल अंगाला बसवून घेताना

विचारलेली अडचण थोडक्यात अशी आहे. चालकाची उंची १७८ सेंमी, गाडी हजार सीसीच्या आसपासची स्पोर्ट-टूरिंग (वेगवान, पण लांबच्या प्रवासालाही सोयीची), आणि महिन्यातून दोन-तीनदा चार-पाचशे किलोमीटरचा प्रवास. शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले की उजव्या हाताच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येऊ लागतात, मान आणि दोन खांद्यांमधला भाग अवघडतो, आणि ताशी १०० किमीच्या पुढे हेल्मेट इतके थरथरते की लांबचे फलक नीट वाचता येत नाहीत. यावर उपाय म्हणून गाडीच्या पुढची वारा अडवणारी मूळ काच काढून तिच्यापेक्षा १२ सेंमी उंच काच बसवली, तर थरथर कमी होण्याऐवजी वाढली आणि हातही अधिक लवकर बधिर होऊ लागले. आता हँडल उंच करणारे रायझर घ्यावेत, सीट नव्याने बांधून घ्यावी, की आणखी उंच काच शोधावी, असा प्रश्न आहे.

माझे मत असे आहे की यांपैकी काहीही सध्या विकत घेऊ नये. या तिन्ही वस्तू उपयोगी आहेत, परंतु कोणती कितपत लागेल हे गाडीवर आधीच असलेल्या सोयी तुमच्या अंगाप्रमाणे लावून घेतल्याशिवाय कळत नाही. शिवाय त्या लावण्यालाही एक क्रम आहे. तो खालून वर जातो: आधी टायर आणि सस्पेन्शन, मग सीट, मग पायांची जागा, मग हँडल आणि लिव्हर, आणि सर्वांत शेवटी काच. याचे कारण सरळ आहे. काचेची योग्य उंची तुमचे डोके हवेत नेमके कुठे आहे यावर ठरते, आणि डोके कुठे असेल हे सीट, पाय आणि हँडल ठरवतात. तुम्ही शेवटचे काम पहिल्यांदा केले, म्हणून पुढचे सगळे बिघडले.

उंच काचेने हात अधिक बधिर का झाले, हे आधी पाहू, कारण पुढचा सगळा विचार त्याच्याशी जोडलेला आहे. स्पोर्ट-टूरिंग गाडीवर चालक किंचित पुढे झुकलेला असतो, आणि गाडी बनवणाऱ्यांनी ते हेतुपुरस्सर केलेले असते. ताशी १०० किमी वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७० न्यूटन असतो. छाती आणि खांद्यांचा पाव चौरस मीटर भाग वाऱ्यात उघडा आहे असे धरले, तर अंगावर बारा किलो वजनाइतका रेटा येतो. ताशी १२० ला तोच सतरा किलोंवर जातो, कारण हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. झुकलेल्या धडाचा काही भार हा रेटा उचलतो. म्हणून अशा गाड्या गावातल्या रहदारीत मनगटांना जाचतात आणि मोकळ्या रस्त्यावर एकदम हलक्या वाटतात. उंच काच लावून तुम्ही छातीवरचा वारा पूर्ण अडवलात, तेव्हा तो टेकू निघून गेला आणि त्याने उचललेला भार तळहातांवर आला. त्यात भर म्हणजे उंच काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि पाठीमागून वळून आलेली हवा चालकाला हळूच पुढे ढकलत राहते. अनेकांना ही ढकल जाणवतही नाही. संध्याकाळी फक्त मनगटे दुखतात.

आता क्रमाने. टायरमधली हवा थंड टायरवर, गाडीवरील पट्टीत किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी असावी. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. सस्पेन्शनमध्ये मात्र सॅग मोजून घ्यावाच. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचे चाक पूर्ण लोंबकळत असताना अॅक्सलपासून सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचे उभे अंतर मोजावे. मग गाडी स्टँडवरून उतरवून तुम्ही पूर्ण पोशाखात, नेहमीच्या सामानासह बसावे. एकाने गाडी पुढून सरळ धरावी आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींतील फरक म्हणजे सॅग. रस्त्यावरच्या गाडीला तो साधारण ३० ते ४० मिमी, म्हणजे सस्पेन्शनच्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच देऊन ठेवलेला दाब, वाढवल्याने स्प्रिंग कडक होते असे लोक मानतात. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, गाडी मागून उंच बसते एवढेच. प्रीलोड गरजेपेक्षा जास्त असेल तर सीटचा उतार टाकीकडे वाढतो, चालक पुढे घसरत राहतो आणि ते घसरणे थांबवण्याचे काम हातांना करावे लागते. उलट, भरलेल्या पेट्यांसह गाडी मागून ३० मिमी जास्त दबली, तर दीड मीटरच्या आसपास व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर) असलेली गाडी सव्वा अंशाच्या जवळपास मागे कलते. तेवढ्याने ५० मीटरवर हेडलाइटचा झोत सुमारे एक मीटर वर जातो, हँडल हलके लागते आणि काचेचा कोनही बदलतो. त्यामुळे एकट्यासाठी आणि सामानासाठी प्रीलोडचे दोन वेगळे आकडे शोधून ते लिहून ठेवावेत.

सीटचा विचार मी नेहमी उतारापासून सुरू करतो. गाडी सपाट जमिनीवर दोन्ही चाकांवर सरळ उभी असताना, चालक बसतो त्या जागी एक छोटी फळी ठेवून तिच्यावर पाणसळ ठेवावी. थोडासा उतार बहुतेक गाड्यांना असतो. परंतु नितळ रेक्झिन, त्यावर निसरडी पँट आणि वर तीव्र उतार असे तिन्ही एकत्र आले की दर ब्रेकला तुम्ही टाकीवर जाऊन आदळता आणि दर दहा मिनिटांनी मागे सरकता. अशा वेळी सीट नव्याने बांधण्याआधी सीटच्या पुढच्या किंवा मागच्या रबरी टेकूंखाली काही मिलिमीटरचे पॅकिंग देऊन उतार बदलतो का ते पाहावे. सीटचे कुलूप नीट बसते आहे आणि सीट हलत नाही, एवढी खात्री मात्र करून घ्यावी. काही गाड्यांत ही सोय मुळातच असते: बीएमडब्ल्यू आर १२५० आरटी आणि यामाहा एफजेआर १३०० या दोन्हींच्या मूळ सीटला ८०५ आणि ८२५ मिमी अशा दोन उंची मिळतात. अनेक मालकांनी गाडी घेतल्यापासून ती दुसरी खाच वापरूनच पाहिलेली नसते.

सीट २० मिमी वर घेतली तर गुडघ्यांचा कोन मोकळा होतो आणि नितंबांना रक्तपुरवठा बरा राहतो, पण त्याच वेळी हँडल तुलनेने २० मिमी खाली जाते आणि हेल्मेट २० मिमी वर, म्हणजे कदाचित काचेवरून येणाऱ्या भोवऱ्यांच्या ऐन पट्ट्यात जाते. एका जागी फिरवलेला बोल्ट तीन जागी बोलतो, तो असा. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याच रस्त्यावर, त्याच हेल्मेटने, वारा पडलेला असताना निदान ५० किमी चालवून मगच त्यावर मत बनवावे. सीटच्या बाबतीत तेवढेही पुरत नाही. फोमचा खरा स्वभाव दीड तासानंतर कळतो. दुकानात बसल्यावर अतिशय मऊ वाटणारी सीट बहुधा सर्वांत आधी दगा देते, कारण मऊ फोम पूर्ण दबून जातो आणि मग बैठकीच्या दोन हाडांखाली थेट कठीण तळ येतो. सीट बांधून घ्यायचीच असेल तर दाट, तुलनेने टणक फोम मागावा, हाडे टेकतात तेथे रुंदी वाढवून घ्यावी, पुढचा भाग अरुंद ठेवावा म्हणजे पाय जमिनीवर पोहोचतील, आणि ज्या जागी अंग टेकते तेथे शिवण येऊ देऊ नये. जेलच्या थराबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. तो थोडा वेळ आराम देतो, परंतु उन्हात तापतो आणि ती उष्णता बराच वेळ धरून ठेवतो.

पायांविषयी थोडेच सांगायचे आहे. बसल्यावर गुडघा काटकोनापेक्षा फार जास्त मुडपलेला नसावा. खाली येणारे फूटपेग २०-२५ मिमीने आराम देतात, पण वळणावर ते तितकेच आधी रस्त्याला टेकतात, हे गृहीत धरूनच ते बसवावेत. आणि पेग खाली आले की गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचे पेडलही त्या मानाने खाली घ्यावे लागते. गिअर लिव्हरच्या दांडीला दोन टोकांना लॉकनट असतात आणि त्यांपैकी एकाचे आटे बहुधा उलटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी दिशा पाहावी. पेडलची उंची बदलल्यावर ब्रेक किंचितही लागून राहत नाही ना आणि मागचा ब्रेकचा दिवा योग्य वेळी पेटतो ना, हे दोन्ही तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

आता हात. करंगळी आणि अनामिका यांना मुंग्या येणे म्हणजे तळव्याच्या बाहेरच्या कडेला, मनगटाजवळ, अल्नर नसेवर दाब येणे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर ती मीडियन नस असते, आणि तिचे कारण बहुधा मनगट वाकलेले ठेवणे किंवा मूठ घट्ट आवळणे हे असते. तुमच्या वर्णनातील बोटे पाहता अंगाचा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर पडतो आहे. तो तेथे का पडतो, हे तपासण्यासाठी गाडी डबल स्टँडवर असताना नेहमीच्या पवित्र्यात बसावे आणि हँडलवरून दोन्ही हात सावकाश उचलावेत. पाठीचे आणि पोटाचे स्नायू व टाकीला लागलेले गुडघे यांच्या आधारावर दहा-पंधरा सेकंद तसेच बसता आले, तर भाराची वाटणी ठीक आहे. लगेच पुढे कोसळायला होत असेल, तर एक तर सीटचा उतार चुकला आहे, किंवा तुम्ही हँडलपासून फार मागे बसत आहात, किंवा गुडघे टाकीला लागतच नाहीत.

त्यानंतर लिव्हर. कोपरापासून बोटांपर्यंत वरून व बाजूने पाहता हात एका रेषेत यावा, अशा कोनात क्लच आणि ब्रेकचे लिव्हर फिरवून घ्यावेत. कारखान्यातून ते सरासरी उंचीच्या चालकासाठी बसवलेले असतात, आणि पुढे झुकणाऱ्याला सहसा ते थोडे खाली लागतात. लिव्हरचे अंतर कमी-जास्त करणारे चाक असेल तर दोन बोटांचे मधले पेर लिव्हरवर सहज येईल इतके ते जवळ घ्यावे. क्लच केबलचा असेल तर मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे आहे ना हे या कामानंतर पाहावे. थ्रॉटल सरळ मुठीने न धरता दाराची गोल मूठ धरावी तसा थोडा तिरका धरला, म्हणजे कोपर बाहेर आणि किंचित खाली राहते, आणि मनगट न मुडपता गाडी चालवता येते. केवळ उजव्याच हाताला त्रास होत असल्याने या एका सवयीने तुमचा बराच त्रास कमी होईल, असे मला वाटते. मुंग्या ठरावीक आरपीएमलाच येत असतील तर ती इंजिनाची थरथर आहे, आणि तिच्यासाठी हँडलच्या टोकांना जड वजने किंवा जाड ग्रिप हा उपाय आहे. आधी चेन जास्त ताणलेली नाही ना, तेही पाहावे. गाडी चार दिवस बंद असतानाही बोटे बधिर राहत असतील, तर मात्र डॉक्टरांना हात दाखवावा.

रायझरविषयी इशारा देणे भाग आहे. ते फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, तिरक्या रेषेत वर जात असल्याने हँडल २५ मिमी उचलले की ते सुमारे ११ मिमी मागेही येते, आणि बहुतेकांना या मागे येण्याचाच अधिक फायदा होतो. परंतु तितक्याच प्रमाणात ब्रेकची नळी, क्लचची केबल, थ्रॉटलच्या केबल आणि स्विचच्या तारा ताणल्या जातात. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. इंजिन चालू ठेवून तसे वळवताना आरपीएम वाढले, तर थ्रॉटलची केबल ताणली जात आहे आणि ती गाडी चालवण्यायोग्य नाही. नळी कोठे कडक ताठ होते का, ग्रिप किंवा अंगठा फेअरिंगला (गाडीच्या पुढच्या बाह्य आवरणाला) वा टाकीला लागतो का, ब्रेकच्या तेलाच्या डबीतील पातळी योग्य दिसते का, हे सर्व पाहावे. क्लॅम्पचे बोल्ट पुस्तिकेतील क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. कोणती बाजू आधी पूर्ण आवळायची, हे गाडीगणिक वेगळे असते.

एवढे सारे झाल्यावर, म्हणजे डोके हवेत कायमचे कुठे असणार हे ठरल्यावर, काचेकडे यावे.

काचेच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो तेव्हा वर वेगवान हवा आणि खाली काचेमागची जवळजवळ स्तब्ध हवा अशा दोन थरांच्या सीमेवर भोवरे तयार होतात. हा भोवऱ्यांचा पट्टा काचेपासून मागे जाताना जाड होत जातो. हेल्मेट या पट्ट्याच्या पूर्ण वर असेल तर वारा भरपूर लागतो, पण तो एकसंध लागतो. डोके हलत नाही आणि आवाजही एका सुराचा असतो. हेल्मेट पट्ट्याच्या पूर्ण खाली असेल तर शांतता असते, पण मग रस्ता काचेतून पाहावा लागतो, आणि पावसात, रात्री समोरच्या दिव्यांत ते धोकादायक आहे. हेल्मेट मध्ये सापडले तर मात्र भोवरे सेकंदाला अनेकदा आलटून-पालटून त्यावर आपटतात. डोळ्यांपुढचे चित्र थरथरते ते यामुळे, आणि डोके स्थिर ठेवण्यासाठी मानेचे स्नायू सतत आवळलेले राहिल्याने मान अवघडते. तुमची मूळ काच हा पट्टा तुमच्या खांद्यांवर आणि हेल्मेटच्या खालच्या कडेवर सोडत असावी. १२ सेंमी उंच काचेने तो उचलून नेमका हेल्मेटवर आणून ठेवला. अनेक वर्षे ही कामे करताना माझी अशी धारणा झाली आहे की वाऱ्यापासून संरक्षण याचा अर्थ वारा नाहीसा करणे असा घेऊ नये. डोक्याला स्वच्छ, न फाटलेला वारा मिळवून द्यावा, आणि छातीवरचा वारा हवा तेवढा घटवावा.

मोटरसायकलच्या इतिहासात याचे एक सुंदर उदाहरण आहे. १९७६ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसचे फ्रेमला जोडलेले पूर्ण फेअरिंग इटलीतील पिनिनफारिना यांच्या वातबोगद्यात घडवले गेले होते. तिची काच बुटकी होती आणि चालक पुढे झुकलेला. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच इंजिनावर आर १०० आरटी आली. तिचे हँडल उंच, बैठक सरळ आणि म्हणून काच उंच व कोन बदलता येणारी होती. एकाच कारखान्याने एकाच इंजिनासाठी दोन वेगळ्या काचा दिल्या, कारण बसण्याच्या पद्धती दोन होत्या. आपल्या गाडीची बैठक आरएससारखी आणि काच आरटीसारखी करून घेतली, तर दोन्हींचे तोटे पदरी पडतात.

तुमच्या हेल्मेटला पट्टा नेमका कुठे लागतो, हे शोधण्याची रीत साधी आहे. वारा पडलेल्या दिवशी, मोकळ्या सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाने जाताना फूटपेगवर पाय देऊन चार-पाच सेंमी वर उठावे. थरथर थांबली, तर काच तुमच्यासाठी उंच आहे. मग तितकेच खाली दबावे. थरथर खाली दबल्यावर थांबत असेल, तर काच थोडी बुटकी आहे किंवा तिची कड जास्त मागे झुकलेली आहे. दोन्हींनी काहीच फरक पडत नसेल, तर हवा बहुधा वरून येतच नाही. ती खालून, फोर्क आणि फेअरिंगमधल्या फटीतून व टाकीच्या बाजूने वर चढते आहे. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर लोकरीचे दहा-बारा सेंमी लांबीचे धागे कागदी चिकटपट्टीने काचेच्या कडेला, काचेच्या आतल्या बाजूला आणि टाकीच्या पुढच्या भागावर लावावेत, आणि गाडीवर पक्का बसवलेला कॅमेरा त्यांचे चित्रण करील अशी व्यवस्था करावी. जेथे धागा सरळ मागे पडून राहतो तेथे प्रवाह स्वच्छ असतो, जेथे तो गरगरतो तेथे भोवरा असतो. उंच काचेमागे टाकीवरचे धागे चक्क पुढच्या दिशेला उभे राहिलेले दिसतात, आणि पाठीमागून येणारी ती ढकल प्रथमच नजरेला पडते. चालवताना स्वतः धाग्यांकडे पाहू नये. घरी येऊन चित्रण पाहावे.

खालून चढणाऱ्या हवेवर सर्वांत परिणामकारक उपाय काचेच्या बुडाशी असतो. काचेच्या स्क्रूंखाली लांब स्पेसर देऊन काच आणि फेअरिंग यांच्यामध्ये १० ते २० मिमीची फट ठेवली, की पुढची हवा त्या फटीतून काचेमागे जाते, तेथील दाबाचा खड्डा भरून निघतो आणि खालून हवा ओढली जाणे कमी होते. काच थोडी बुटकी आणि बुडाशी मोकळी असेल, तर तिच्यामागे बसणे उंच आणि बंद काचेपेक्षा पुष्कळदा शांत असते. याच तत्त्वावर काचेच्या वरच्या कडेला चिमट्याने लावायचा छोटा डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणारी जोडकाच, काम करतो. तो मुख्य काचेपासून दोन-तीन सेंमी अंतर राखून लावावा, म्हणजे मधल्या फटीतून वेगवान हवा जाते आणि भोवऱ्यांचा पट्टा पातळ होतो. नवीन काचेवर मोठा खर्च करण्याआधी हा डिफ्लेक्टर वेगवेगळ्या उंचीवर लावून पाहिला, तर तुम्हाला किती सेंमी हवे आहेत याचे उत्तर मिळते. काच कोणतीही असो, नेहमीच्या पवित्र्यात १५-२० मीटर पुढचा रस्ता पाहताना तिची वरची कड नजरेच्या रेषेच्या तीन-चार सेंमी खाली असावी.

काच बसवताना होणारी दोन नुकसाने मी वारंवार पाहिली आहेत. पहिले म्हणजे स्क्रू जास्त आवळणे: काच आणि स्क्रू यांच्यामध्ये नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर असतो, आणि तो थोडा दबला की थांबायचे असते, पुढे आवळल्यास भोकापासून तडा सुरू होतो. दुसरे म्हणजे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावलेले थ्रेडलॉक. हे द्रव धातूसाठी आहे. पॉलिकार्बोनेटवर त्याचा थेंब गेला तर काच काही दिवसांत आतून जाळीदार तडकते. काच पुसायलाही अमोनिया असलेला क्लीनर किंवा पेट्रोल वापरू नये. ओले फडके दहा मिनिटे काचेवर टाकून ठेवले की चिकटलेले किडे सुटतात, आणि मग सौम्य साबणाचे पाणी पुरते.

उंच काच आणि मागची मोठी टॉप बॉक्स या दोन्हींनी गाडीच्या स्थिरतेवर परिणाम होतो, विशेषतः आडव्या वाऱ्यात. नवीन काच लावल्यावर वेग टप्प्याटप्प्याने वाढवत जावे, आणि गाडीची शेपटी सावकाश डोलू लागल्याचे जाणवले तर हँडल न आवळता थ्रॉटल हळूहळू कमी करावा. पेट्यांवर वजनाची आणि वेगाची मर्यादा लिहिलेली असते, ती याच कारणासाठी.

आवाजाचा विषय लोक आरामापासून वेगळा ठेवतात, पण थकव्याचा मोठा वाटा त्याचा असतो. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. जेथे नियमांनुसार परवानगी आहे तेथे फोमचे इयरप्लग वापरावेत. बोटांत वळून बारीक करून, कान मागे व वर ओढून ते आत घालावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत; नुसते कानाच्या तोंडाशी टेकवल्यास त्यांचा उपयोग होत नाही. काचेच्या चाचण्या मात्र एक तर सर्व इयरप्लग घालून किंवा सर्व न घालता कराव्यात, नाहीतर कमी झालेला आवाज कोणामुळे कमी झाला हे कळणार नाही.

हवामानानेही काचेची योग्य जागा बदलते. १० अंश तापमानात ताशी ८० किमीचा वारा उघड्या त्वचेला सुमारे ४ अंशांसारखा लागतो, म्हणून थंडीत उंच काच आणि हातांपुढचे आडोसे यांना खरी किंमत आहे. उलट हवेचे तापमान ३५ अंशांच्या वर, म्हणजे त्वचेच्या तापमानापलीकडे गेले की वारा अंगातील उष्णता थेट वाहून नेत नाही. तो फक्त घाम वाळवतो. तेवढे तरी व्हावे यासाठी छातीवर थोडा वारा लागतच राहिला पाहिजे, अन्यथा रेडिएटरची गरम हवा काचेमागे साचते आणि चालक तासाभरात मलूल होतो. काच वर-खाली होणारी असेल तर या दोन ऋतूंच्या दोन खुणा करून ठेवाव्यात.

तुमच्या बाबतीत मी असे करीन. आज गाडीवर जे काही आहे त्याची मापे, लिव्हरचे कोन आणि प्रीलोडचे आकडे लिहून घ्यावेत आणि फोटो काढून ठेवावेत. मूळ काच परत बसवावी. सॅग मोजून प्रीलोड लावावा, सीटचा उतार पाहावा, लिव्हर फिरवून घ्यावेत आणि थ्रॉटल तिरका धरण्याची सवय करावी. एवढ्यावर दोन मोठे प्रवास करावेत. त्यानंतर पेगवर उठून आणि खाली दबून पट्टा कुठे लागतो ते पाहावे. माझ्या अंदाजाने मूळ काचेला बुडाशी फट आणि वर छोटा डिफ्लेक्टर एवढे पुरेल, आणि उंच काच फक्त थंडीसाठी ठेवता येईल. दोन प्रवासांनंतरही करंगळीत मुंग्या येत असतील, तर २० मिमीच्या रायझरपासून सुरुवात करावी, आणि ते बसवल्यावर काचेची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी, कारण तेव्हा डोके पूर्वीच्या जागी राहिलेले नसेल.